ग्राफ न्यूरल नेटवर्कमध्ये दूरच्या नोडपर्यंत माहिती पोहोचवण्याची पद्धत : मोजमाप, निदान आणि उपाय

ग्राफ म्हणजे नोड (बिंदू) आणि त्यांना जोडणारे दुवे यांचे जाळे. त्यावर शिकणाऱ्या ग्राफ न्यूरल नेटवर्कचा प्रत्येक थर एकच काम करतो. प्रत्येक नोड आपल्या थेट शेजाऱ्यांकडून संदेश घेतो, ते एकत्र करतो आणि स्वतःचा व्हेक्टर (आकड्यांची यादी) बदलतो. २०१७ साली गिल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंच्या गुणधर्मांचे भाकीत करण्यासाठी या पद्धतीला संदेशवहनाची सर्वसाधारण चौकट दिली. जीसीएन, जीएटी, जीआयएन ही आज प्रचलित असलेली नेटवर्क्स याच चौकटीत बसतात. या रचनेत एका थरामागे माहिती एकच पाऊल पुढे सरकते, त्यामुळे बारा पावले दूर असलेल्या नोडचा परिणाम हवा असेल तर किमान बारा थर लागतात. प्रत्यक्षात मात्र बारा थर रचूनही तो परिणाम बहुतेकदा दिसत नाही, आणि पुष्कळदा चार थरांचे नेटवर्क बारा थरांच्या नेटवर्कपेक्षा चांगले उत्तर देते.

अशा वेळी मिळेल तो उपाय लावून पाहण्याचा मोह होतो. हा लेख त्याच्या उलट क्रमाने लिहिला आहे. माहिती नेमकी कुठे आणि कशामुळे अडते हे आधी मोजावे आणि मगच उपाय निवडावा, असे माझे ठाम मत आहे, कारण या क्षेत्रात एका दोषावरचा उपाय दुसरा दोष वाढवतो.

लक्षण एक, कारणे चार

पहिले कारण अगदी साधे आहे : थरांची संख्या आवश्यक अंतरापेक्षा कमी आहे. याला अपुरी पोहोच म्हणू. येथे माहिती कमी पोहोचते असे नाही, तर ती पोहोचतच नाही.

दुसरे कारण ओव्हरस्मूदिंग. शेजाऱ्यांची सरासरी पुन्हा पुन्हा घेतल्यामुळे सगळ्या नोडचे व्हेक्टर एकमेकांसारखे होत जातात. ली, हान आणि वू यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की जीसीएनमधला थर मुळात लाप्लासियन गुळगुळीतपणाची, म्हणजे शेजाऱ्यांमधला फरक कमी करत जाणारी, क्रिया करतो. ओनो आणि सुझुकी यांनी २०२० मध्ये हेही सिद्ध केले की काही अटींखाली, थरांची संख्या वाढेल तशी नोडमधला भेद ओळखण्याची क्षमता घातांकी वेगाने कमी होते.

तिसरे कारण ओव्हरस्क्वॉशिंग. अलोन आणि याहव यांच्या २०२१ च्या शोधनिबंधामुळे हे नाव रूढ झाले. द्विशाखी झाडाची कल्पना केली, तर मुळापासून आठ पावलांच्या आत ५११ नोड येतात, आणि त्या सगळ्यांची माहिती मुळाशी असलेल्या एकाच व्हेक्टरमध्ये, समजा ६४ आकड्यांत, मावायला हवी. शेजार घातांकी वेगाने वाढतो, व्हेक्टरची लांबी मात्र तेवढीच राहते. त्या दोघांनी यासाठी झाडाच्या आकाराची एक कृत्रिम समस्या रचली होती, आणि तिच्यात त्रिज्या चारच्या आसपास गेल्यावरच काही नेटवर्कना प्रशिक्षणाचा डेटासुद्धा पूर्णपणे शिकता आला नाही. नव्या डेटावर चुका होणे वेगळे आणि समोर ठेवलेला डेटाच शिकता न येणे वेगळे. दुसऱ्या प्रकारातून दोष क्षमतेचा आहे हे कळते.

चौथे कारण ग्रेडियंट, म्हणजे वजने कशी बदलावीत हे सांगणारा संकेत, विरून जाणे. हे सर्वच खोल नेटवर्कना लागू असते, पण ग्राफच्या संदर्भात ते ओव्हरस्क्वॉशिंगमध्ये मिसळून जाते आणि ओळखू येत नाही.

चारही कारणांचे वरवरचे लक्षण एकच असते : अचूकता वाढत नाही. अपुऱ्या पोहोचीवर थर वाढवणे हा इलाज आहे, पण ओव्हरस्मूदिंग आणि विरणारे ग्रेडियंट यांना नेमके तेच अपायकारक ठरते. म्हणून पुढील पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात.

पायरी १ : काम खरोखर लांब पल्ल्याचे आहे का, हे तपासा

ही पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते. सायटेशनच्या (शोधनिबंधांनी एकमेकांना दिलेल्या संदर्भांच्या) ग्राफवर नोडचे वर्गीकरण करायचे असेल, तर बहुतेक उत्तर दोन पावलांच्या आतच असते, आणि तिथे दूरची माहिती आणण्याचा खटाटोप केवळ गोंगाट वाढवतो.

तपासणीसाठी तीन छोटे प्रयोग पुरेसे आहेत. पहिल्यात सर्व दुवे काढून टाकावेत आणि फक्त नोडच्या गुणांवर साधे एमएलपी (ग्राफ न पाहणारे बहुथरी नेटवर्क) शिकवावे. ते ग्राफ नेटवर्कच्या जवळपास पोहोचत असेल, तर समस्येत ग्राफचा वाटाच कमी आहे. दुसऱ्यात एक ते आठ थरांची नेटवर्क्स वेगवेगळी शिकवून अचूकतेचा आलेख काढावा. तिसरा प्रयोग मला सर्वांत उपयुक्त वाटतो. नोडपातळीच्या कामात प्रत्येक नोडभोवतीचा फक्त काही पावलांचा उपग्राफ कापून घ्यावा आणि त्यावर भरपूर क्षमतेचे नेटवर्क शिकवावे. कापलेली त्रिज्या दोनवरून चारवर आणि चारवरून आठवर नेल्यानंतरही अचूकता वाढत राहिली, तर दूरची माहिती उपयोगी आहे याचा पुरावा मिळाला. वाढ थांबली तर मात्र सावधपणे निष्कर्ष काढावा, कारण दूरची माहिती निरुपयोगी असू शकते किंवा नेटवर्कलाच ती वापरता येत नसेल.

सरावासाठी डेटा हवा असेल, तर द्विवेदी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला लाँग रेंज ग्राफ बेंचमार्क घ्यावा. त्यात पाच डेटासेट आहेत. त्यांपैकी पेप्टाइड्सचे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे) दोन डेटासेट एकाच १५,५३५ ग्राफवर आधारलेले आहेत, प्रत्येक ग्राफमध्ये सरासरी सुमारे १५१ नोड आहेत आणि दोन नोडमधील सर्वांत लहान वाटेची सरासरी लांबी २० च्या पुढे जाते. एका ग्राफिक्स कार्डवर शिकवता येण्याजोगा हा आकार आहे.

पायरी २ : अंतरागणिक प्रभाव मोजा

एखाद्या नोडच्या आउटपुटवर दुसऱ्या नोडच्या इनपुटचा किती परिणाम होतो, हे जेकोबियन, म्हणजे इनपुटमधल्या छोट्या बदलाने आउटपुट किती बदलते ते मांडणारा तक्ता, सांगतो. टॉपिंग आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ओव्हरस्क्वॉशिंगची व्याख्या याच राशीच्या आधारे केली. या राशीची वरची मर्यादा सामान्यीकृत अॅडजसन्सी मॅट्रिक्सच्या (कोण कोणाशी जोडलेले आहे ते दाखवणाऱ्या, दुव्यांच्या संख्येने प्रमाणबद्ध केलेल्या तक्त्याच्या) घातांवरून ठरते, म्हणजे तिच्यात ग्राफच्या आकाराचा थेट हात असतो.

मोजण्याची रीत अशी. नेटवर्क मूल्यमापनाच्या अवस्थेत ठेवावे. एक नोड निवडून त्याच्या अंतिम व्हेक्टरचा, अधिक एक आणि उणे एक अशा यादृच्छिक आकड्यांच्या व्हेक्टरशी गुणाकार करून एकच संख्या मिळवावी आणि तिथून सर्व नोडच्या इनपुटपर्यंत ग्रेडियंट काढावा. प्रत्येक इनपुट नोडच्या ग्रेडियंटच्या लांबीचा वर्ग नोंदवावा. वेगवेगळे यादृच्छिक व्हेक्टर घेऊन हे दहा-वीस वेळा करून सरासरी काढली, की जेकोबियनच्या त्या भागाच्या फ्रोबेनिअस मापाच्या वर्गाचा (सर्व घटकांच्या वर्गांच्या बेरजेचा) चांगला अंदाज मिळतो. आउटपुटचे घटक नुसते बेरजेने एकत्र केल्यास धन-ऋण परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून यादृच्छिक चिन्हांची गरज आहे. यानंतर प्रत्येक नोडचे निवडलेल्या नोडपासूनचे अंतर पावलागणिक शेजारी शोधत जाणाऱ्या बीएफएस पद्धतीने काढावे आणि अंतरागणिक सरासरी प्रभाव लॉगरिदमिक अक्षावर मांडावा. प्रशिक्षणापूर्वी एकदा आणि प्रशिक्षणानंतर एकदा असे दोन आलेख हवेत. पहिला रचनेची मर्यादा सांगतो, तर दुसरा नेटवर्क प्रत्यक्षात काय शिकले ते सांगतो.

या मोजमापातून एक फुकटची परीक्षाही होते. नेटवर्कमध्ये सात थर असतील, तर आठव्या पावलावरचा प्रभाव तंतोतंत शून्य आला पाहिजे. तो शून्य नसेल तर माहिती कुठून तरी झिरपत आहे. बॅच नॉर्मलायझेशन (एकत्र शिकवलेल्या ग्राफच्या गटाची, म्हणजे बॅचची, सरासरी वापरून आकडे एका पातळीवर आणणारी क्रिया) प्रशिक्षणाच्या अवस्थेत राहिले असेल, तर असे हमखास घडते, कारण सरासरी आणि विचलन यांच्यामार्फत बॅचमधले सगळेच नोड एकमेकांना जोडले जातात. मी एकदा अशा आलेखाकडे पाहून माझी रचना दूरवर पोहोचते असे मानून बसलो होतो. दुसऱ्या ग्राफमधल्या नोडचाही प्रभाव शून्य नाही हे लक्षात आल्यावर चूक सापडली, आणि दोन आठवड्यांचे निष्कर्ष मागे घ्यावे लागले.

सोबत आणखी दोन मापे घ्यावीत. पहिले डिरिक्ले ऊर्जेचे. प्रत्येक दुव्याच्या दोन टोकांच्या व्हेक्टरमधील फरकाच्या वर्गांची बेरीज करावी आणि तिला सर्व व्हेक्टरच्या लांबीच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. असे भागल्याशिवाय थरागणिक बदलणारा व्हेक्टरचा आकार दिशाभूल करतो. दुसरे माप प्रत्येक थराच्या वजनांवर येणाऱ्या ग्रेडियंटच्या आकाराचे.

निदान आता वाचता येते. ठरावीक पावलानंतर प्रभाव शून्य असेल, तर पोहोच अपुरी आहे. ऊर्जा थरागणिक शून्याकडे जात असेल, तर ओव्हरस्मूदिंग आहे. ऊर्जा ठीक असून काही ठरावीक नोडच्या जोड्यांमध्येच प्रभाव कोसळत असेल, तर ओव्हरस्क्वॉशिंग आहे आणि दोष ग्राफच्या आकारात आहे. ग्राफ कोणताही घेतला तरी केवळ खोलीबरोबर प्रभाव सारख्याच प्रमाणात घटत असेल, तर ग्रेडियंट विरत आहेत.

पायरी ३ : ग्राफमधल्या चिंचोळ्या वाटा शोधा

ओव्हरस्क्वॉशिंगचे निदान झाल्यास ग्राफ स्वतंत्रपणे तपासावा. यासाठी एक छोटे उदाहरण हाताने सोडवून पाहणे मोलाचे ठरते.

दहा नोडचा एक गट घ्या, ज्यात प्रत्येक नोड दुसऱ्या प्रत्येकाशी जोडलेला आहे. तसाच दुसरा गट घ्या आणि दोन्ही गटांमध्ये फक्त एक दुवा टाका. हा झाला पूल. एकूण दुवे ४५ + ४५ + १ = ९१. पहिल्या गटातला एक आणि दुसऱ्या गटातला एक असे पुलावर नसलेले दोन नोड निवडले, तर त्यांच्यातले अंतर फक्त तीन पावले आहे, म्हणजे तीन थरांत पोहोच पुरी होते. परंतु स्वतःकडे येणारा दुवा धरून जीसीएनचे सामान्यीकरण केले (प्रत्येक दुव्याचा भार त्याच्या दोन टोकांच्या दुव्यांच्या संख्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागला), तर तीन थरांनंतर त्या जोडीतला भार १/१२१० इतकाच उरतो, तर एकाच गटातल्या दोन नोडमधला भार सुमारे १/१० असतो. अंतर अवघे तीन असूनही प्रभाव शंभरपटीहून कमी आहे. म्हणून केवळ अंतरावरून अडथळ्याचा अंदाज बांधू नये.

अंतराऐवजी प्रभावी रोध वापरावा. प्रत्येक दुव्याला एक ओहमचा विद्युतरोध मानून दोन नोडमधला एकूण रोध काढायचा. वरच्या जोडीसाठी तो ०.२ + १ + ०.२ = १.४ येतो. त्याला दुव्यांच्या संख्येच्या दुपटीने गुणले, की येरझारीचा काळ मिळतो, म्हणजे यादृच्छिक भटकंती करणाऱ्याला एका नोडवरून दुसऱ्यावर जाऊन परत यायला सरासरी किती पावले लागतील ते कळते. येथे ते उत्तर २५४.८ आहे. आता दोन गटांमध्ये, वेगळ्या टोकांवर, आणखी एकच दुवा टाकला, तर रोध ०.८ होतो आणि येरझारीचा काळ १४७.२ वर येतो. एका योग्य दुव्याने तो काळ ४० टक्क्यांहून अधिक कमी होतो. तोच दुवा एखाद्या मोठ्या ग्राफमध्ये आधीच दाट असलेल्या भागात टाकला असता, तर एकूण दुव्यांची संख्या तेवढी वाढली असती आणि दूरच्या जोड्यांना काहीच मिळाले नसते. डी जोव्हानी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवले की जास्त येरझारी-काळ असलेल्या जोड्यांमध्येच ओव्हरस्क्वॉशिंग होते. व्हेक्टरची रुंदी वाढवल्याने ते काहीसे कमी होते, पण केवळ खोली वाढवून त्यावर मात करता येत नाही, असेही त्यांच्या विश्लेषणातून दिसते.

संपूर्ण ग्राफसाठी एकच आकडा हवा असेल, तर सामान्यीकृत लाप्लासियनचे (ग्राफच्या दुव्यांवरून बनवलेल्या मॅट्रिक्सचे) दुसऱ्या क्रमांकाचे सर्वांत लहान आयगेनमूल्य पाहावे. चीगरच्या असमानतेनुसार ग्राफ दोन भागांत तोडणे किती सोपे आहे हे दाखवणारा अंक या मूल्याच्या निम्म्याहून कमी असू शकत नाही आणि त्याच्या दुपटीच्या वर्गमुळाहून जास्त असू शकत नाही. मूल्य शून्याजवळ असेल तर कुठेतरी चिंचोळी वाट आहे. ते अगदी शून्य असेल तर ग्राफचे तुकडेच झालेले आहेत आणि कितीही थर रचले तरी एका तुकड्यातून दुसऱ्यात काहीही जाणार नाही. क्षारांच्या रेणूंमध्ये हे नेहमी आढळते, कारण त्यातले आयन बंधांनी जोडलेले नसतात.

पायरी ४ : आधी साधे नेटवर्क नीट शिकवा

ही पायरी कंटाळवाणी आहे, तरी ती टाळून पुढे जाऊ नये. लाँग रेंज बेंचमार्कच्या मूळ निष्कर्षांत ट्रान्सफॉर्मर प्रकारची (प्रत्येक नोडला सर्व नोडकडे थेट पाहू देणारी) नेटवर्क्स साध्या संदेशवहनाच्या बरीच पुढे होती. २०२३ मध्ये टोन्शॉफ आणि सहकाऱ्यांनी तीच साधी नेटवर्क्स काळजीपूर्वक ट्यून केली, तेव्हा ही तफावत बऱ्याच प्रमाणात घटली आणि पेप्टाइड्सच्या वर्गीकरणात तर ती उरलीच नाही. त्यांनी ज्या गोष्टी बदलल्या त्यांत शेवटच्या भाकीत करणाऱ्या एमएलपीचे थर आणि इनपुटच्या गुणांचे नॉर्मलायझेशन अशा अगदी प्राथमिक बाबी होत्या.

म्हणून प्रत्येक थराभोवती रेसिड्युअल जोडणी (थराचे इनपुट त्याच्या आउटपुटमध्ये मिळवणारी) द्यावी, थरांनंतर नॉर्मलायझेशन ठेवावे, शेवटी दोन-तीन थरांचे एमएलपी लावावे, आणि लर्निंग रेट, ड्रॉपआउट व खोली यांचा मोकळेपणाने शोध घ्यावा. ऊर्जेचे माप ओव्हरस्मूदिंगकडे बोट दाखवत असेल, तर जम्पिंग नॉलेज पद्धतीने सर्व थरांचे व्हेक्टर शेवटी एकत्र आणावेत किंवा २०२० मध्ये आलेल्या जीसीएन-टूप्रमाणे प्रत्येक थरात मूळ इनपुटचा थोडा अंश मिसळावा. त्या रचनेने ६४ थरांपर्यंत अचूकता टिकवून दाखवली होती. ड्रॉपएज (प्रशिक्षणात काही दुवे यादृच्छिकपणे वगळणे) आणि पेअरनॉर्म (नोडच्या व्हेक्टरमधले अंतर टिकवणारे नॉर्मलायझेशन) हेही पर्याय आहेत, परंतु त्यांच्यामुळे चिंचोळ्या वाटा रुंदावत नाहीत.

प्रसार आणि रूपांतर वेगळे करणारी (आधी व्हेक्टर बदलून मग ते फक्त शेजाऱ्यांत पसरवणारी) एपीपीएनपी पद्धत येथेच तपासावी. तिच्यात वजने न वाढवता प्रसाराच्या फेऱ्या वाढवता येतात. तिची मर्यादाही समजून घ्यावी. प्रत्येक फेरीत उगमाकडे परतण्याची शक्यता ०.१ धरली, तर वीस पावलांनंतर शिल्लक भार ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.१२ राहतो, ती ०.२ केली तर तोच आकडा ०.०१२ च्या आसपास येतो. हा एक आकडा किती दूरचे ऐकायचे ते ठरवतो, म्हणून तो डीफॉल्टवर सोडू नये.

पायरी ५ : आभासी नोड जोडा

पहिला रचनात्मक उपाय म्हणून मी नेहमी आभासी नोड निवडतो. ग्राफमधल्या प्रत्येक नोडशी जोडलेला एक जास्तीचा नोड घातला, की कोणत्याही दोन नोडमधले अंतर दोनहून अधिक राहत नाही, तुटलेले तुकडे जोडले जातात, आणि खर्च नोडच्या संख्येच्याच प्रमाणात वाढतो. पायटॉर्च जिओमेट्रिक या पायथन लायब्ररीत यासाठी तयार ट्रान्सफॉर्म आहे.

तरीही पाच ठिकाणी चुका होतात. आभासी दुव्यांना वेगळा प्रकार द्यावा, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी वजने शिकली जातील. जीसीएन वापरत असल्यास आभासी नोडमुळे प्रत्येक नोडची डिग्री (दुव्यांची संख्या) वाढते आणि सगळे सामान्यीकरण बदलते, म्हणून मूळ दुव्यांवरचा प्रसार आणि आभासी दुव्यांवरचा प्रसार स्वतंत्रपणे करून मग बेरीज करावी. ग्राफपातळीवरची अंतिम सरासरी घेताना आभासी नोड वगळावा. स्थान सांगणारे गुण मूळ ग्राफवरच काढावेत आणि नंतर आभासी नोड घालावा, कारण उलट क्रमाने केल्यास सर्व नोड एकमेकांच्या सारखेच जवळ दिसू लागतात. शेवटची बाब बॅचची : प्रत्येक ग्राफला स्वतःचा आभासी नोड मिळाला आहे याची पायरी २ मधल्या मोजमापाने खात्री करावी, कारण दुसऱ्या ग्राफचा प्रभाव शून्यच असला पाहिजे.

आभासी नोडची मर्यादा त्याच्या स्वरूपातच आहे. संपूर्ण ग्राफची माहिती तो एका व्हेक्टरमध्ये कोंबतो, म्हणजे एक नवी चिंचोळी वाट तयार होते. पूर्ण ग्राफचा एखादा गुणधर्म सांगायचा असेल तर हे चालून जाते. या विशिष्ट नोडला त्या विशिष्ट नोडची माहिती हवी आहे, अशा प्रकारच्या कामात मात्र तो लवकर अपुरा पडतो. तिथे ग्राफचे गट पाडून प्रत्येक गटाला एक आभासी नोड द्यावा आणि ते आभासी नोड एकमेकांशी जोडावेत.

पायरी ६ : दुव्यांची फेरमांडणी

संदेश ज्या दुव्यांवरून जातात ते दुवे डेटामध्ये दिलेल्या दुव्यांहून वेगळे असू शकतात, ही या उपायामागची कल्पना आहे. तिच्या अनेक रीती आहेत.

अलोन आणि याहव यांची रीत सर्वांत सोपी : फक्त शेवटच्या थरात प्रत्येक नोड प्रत्येकाशी जोडायचा. एवढ्यानेही त्यांना सुधारणा दिसली होती. लहान ग्राफवर एका ओळीच्या बदलात हा प्रयोग होतो, म्हणून तो सर्वांत आधी करून पाहावा.

टॉपिंग आणि सहकाऱ्यांची रीत वक्रतेवर आधारलेली आहे. ज्या दुव्याच्या दोन टोकांना समाईक शेजारी जवळपास नसतात आणि दोन्हीकडे गर्दी असते, त्याची वक्रता खूप ऋण असते. वरच्या उदाहरणातला पूल नेमका तसाच आहे. ही रीत अशा दुव्यांभोवती नवे आधारदुवे टाकते. करहाडकर, बॅनर्जी आणि मोंटुफार यांची एफओएसआर ही रीत दुसऱ्या आयगेनमूल्यात, पहिल्या पदापर्यंतच्या अंदाजाने, सर्वाधिक वाढ करणारा दुवा दरवेळी निवडते. ती वेगवान आहे, आणि नव्या दुव्यांना वेगळा प्रकार देण्याचा आग्रह तिच्यासोबतच आला. हा आग्रह मी पूर्णपणे मान्य करतो. रेणूमध्ये दोन अणूंमध्ये नवा दुवा टाकला आणि त्याला बंधासारखेच वागवले, तर नेटवर्कला अस्तित्वात नसलेला रेणू दिसतो. वेगळा प्रकार दिल्यास मूळ रचनाही टिकते आणि वाटही मोकळी होते.

आणखी एक रीत ग्राफकडे न पाहताच दुवे टाकते. डीआक, लॅकेनबी आणि व्हेलिचकोविच यांनी २०२२ मध्ये ‘केली’ (Cayley) ग्राफपासून, म्हणजे बीजगणितातल्या ग्रुपवरून रचलेल्या ग्राफपासून, बनवलेले एक्सपांडर जाळे वापरण्याचे सुचवले. मूळ दुव्यांचा एक थर, एक्सपांडरच्या दुव्यांचा एक थर, असे आलटून पालटून वापरायचे. एक्सपांडरमध्ये प्रत्येक नोडला मोजकेच दुवे असतात, तरीही व्यास (सर्वांत दूरच्या दोन नोडमधले अंतर) नोडच्या संख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात राहतो. १,००० नोडच्या आणि प्रत्येकी चार दुवे असलेल्या यादृच्छिक जाळ्यात एकूण २,००० दुवे लागतात, आणि कोणताही नोड साधारण दहा पावलांच्या आत सापडतो.

सुरुवातीलाच सगळे दूरचे नोड जोडले तर स्थानिक रचनेला काही अर्थ उरत नाही, अशी एक रास्त शंका येते. गटरिज आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या ड्रू या रचनेत तिचे उत्तर आहे. पहिल्या थरात फक्त थेट शेजारी, दुसऱ्यात दोन पावलांवरचेही, असा शेजार थरागणिक वाढवला जातो, आणि दूरच्या नोडची जुनी स्थिती विलंबाने वापरण्याची सोयही ठेवलेली आहे. पेप्टाइड्ससारख्या लांबट ग्राफवर मला हा मार्ग विशेष योग्य वाटतो.

नव्या दुव्यांची संख्या हायपरपॅरामीटर (प्रयोगांनी ठरवायचा आकडा) मानावी. ५, १०, २५, ५० अशा पायऱ्यांनी वाढवत प्रत्येक वेळी आयगेनमूल्य आणि डिरिक्ले ऊर्जा दोन्ही पाहावी, कारण दुवे जास्त झाले की ओव्हरस्मूदिंग परत येते. फेरमांडणी एकदाच करून डेटासोबत साठवावी. प्रत्येक इपॉकमध्ये (डेटावरच्या प्रत्येक पूर्ण फेरीत) ती पुन्हा करण्याचे कारण नाही.

पायरी ७ : सर्व नोडवर अटेन्शन, आणि त्यासाठी लागणारी स्थानाची ओळख

मागील उपायांनंतरही दूरच्या जोड्यांचा प्रभाव कमीच असेल, तर प्रत्येक नोडला प्रत्येक नोडकडे थेट पाहू द्यावे. ग्राफॉर्मर ही २०२१ ची आणि ग्राफजीपीएस ही २०२२ ची रचना हेच करतात. ग्राफजीपीएसमध्ये प्रत्येक थरात स्थानिक संदेशवहन आणि सर्वव्यापी अटेन्शन शेजारी शेजारी चालतात आणि त्यांची बेरीज होते.

खर्चाचा हिशेब आधी करावा. १५० नोडच्या ग्राफमध्ये २२,५०० जोड्या होतात, ही किरकोळ बाब आहे. १०,००० नोडसाठी १० कोटी जोड्या होतात, आणि ३२ बिटच्या आकड्यांत एका थराच्या एका हेडला (अटेन्शनच्या समांतर चालणाऱ्या एका भागाला) केवळ अटेन्शनच्या मॅट्रिक्ससाठी ४०० मेगाबाइट लागतात. अशा आकारासाठी एक्सफॉर्मरसारखी विरळ रचना घ्यावी, जिच्यात मूळ दुवे, एक्सपांडरचे दुवे आणि आभासी नोड एवढ्यांवरच अटेन्शन चालते.

अटेन्शनला ग्राफचा आकार आपोआप कळत नाही, त्यामुळे प्रत्येक नोडचे स्थान इनपुटमध्येच द्यावे लागते. लाप्लासियनचे आयगेनव्हेक्टर हा एक पर्याय आहे. त्यांचे चिन्ह अनियत असते, म्हणून प्रशिक्षणात दरवेळी चिन्ह यादृच्छिकपणे उलटवावे किंवा चिन्हाचा परिणामच होणार नाही अशी साइननेटसारखी रचना वापरावी. दुसरा पर्याय यादृच्छिक भटकंतीत एक ते सोळा पावलांनी स्वतःकडे परतण्याच्या शक्यतांचा. त्यात चिन्हाचा प्रश्न नाही. पण झाडासारख्या ग्राफमध्ये विषम पावलांनी परतणे शक्यच नसते, त्यामुळे निम्मे रकाने शून्य राहतात. तिथे पावलांची संख्या दुप्पट करावी. स्थानाचे हे गुण पायरी ४ मधल्या साध्या नेटवर्कलाही देऊन पाहावेत. पुष्कळदा सुधारणेचे श्रेय अटेन्शनला दिले जाते, आणि ती प्रत्यक्षात या गुणांमुळे झालेली असते.

पायरी ८ : सुधारणा खरी आहे का, हे पडताळा

सर्व रचनांना पॅरामीटरची मर्यादा सारखी ठेवावी. लाँग रेंज बेंचमार्कमध्ये ती ५ लाखांची आहे. किमान चार वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक सुरुवातींवर) प्रयोग करून सरासरीसोबत विचलनही नोंदवावे.

फेरमांडणी केली असेल, तर तितकेच दुवे यादृच्छिक ठिकाणी टाकून एक तुलना करावी. वक्रतेने किंवा आयगेनमूल्याने निवडलेले दुवे यादृच्छिक दुव्यांपेक्षा सरस ठरत नसतील, तर त्या निवडीवर खर्च केलेला वेळ वाया गेला असे समजावे आणि एक्सपांडरसारखा स्वस्त मार्ग धरावा. ट्रान्सफॉर्मर वापरला असेल, तर त्यातले स्थानिक संदेशवहन बंद करून आणि नंतर अटेन्शन बंद करून असे दोन प्रयोग करावेत.

एकूण अचूकतेचा एकच आकडा लांब पल्ल्याबद्दल फारसे सांगत नाही, म्हणून नोडच्या जोड्यांवर आधारलेल्या कामात चूक अंतरागणिक वेगळी मोजावी. जवळच्या जोड्यांची चूक कमी झाली आणि पंधरा पावलांपलीकडची होती तशीच राहिली, तर नेटवर्क सुधारले आहे, पण दूरची माहिती अजूनही पोहोचलेली नाही. अशा वेळी पायरी २ चा प्रभावाचा आलेख नव्या नेटवर्कवर पुन्हा काढावा आणि जुन्या आलेखावर ठेवून पाहावा. प्रभाव वाढला आणि दूरची चूक घटली नाही, तर वाट मोकळी आहे आणि कमतरता डेटाची किंवा प्रशिक्षणाच्या उद्दिष्टाची आहे. प्रभावच वाढला नसेल, तर पायरी ३ वर परत जाऊन जिथे रोध सर्वाधिक आहे त्या जोड्या पुन्हा तपासाव्यात.